होडीवरचा दुसरा माणूस

शकूअक्काची आणि माझी पहिली भेट बिघडली ती मी तिला नको तो प्रश्न विचारला म्हणून. नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही सोलापुरात नुकतेच येऊन पडलो होतो. सामान अजून पोत्यांत होतं, गॅस जोडलेला नव्हता. शेजारच्या दारात एक उंच, काटकुळी बाई उभी राहून आमचा पसारा न्याहाळत होती. ओळख काढायची म्हणून मी विचारलं, "तुम्ही एकट्याच राहता का इथे?"

बाईचा चेहरा कडू झाला. "एकटी? ही मधली भिंत कुणाची?"

"दोघींची," मी म्हणाले.

"मग पलीकडं तू हायस की. एकटी कशी काय?" एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. मी हिरमुसून आत आले, तर थोड्या वेळानं तीच बाई ताटलीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन हजर. "खाऊन घ्या. आणि मला तुमी-तुमी करू नको. ट्रंक कॉलवर बोलल्यावानी वाटतं." त्या दिवसापासून ती माझी अक्का आणि मी तिची मास्तरीण. मी शाळेत शिकवते हे तिनं माझ्या तोंडातला पहिला घास संपायच्या आत माझ्याकडून काढून घेतलं होतं.

अक्काचा जन्म विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि टेंपोवाल्या चाचांशी दखनी, अशा तिन्ही भाषा ती एकाच दमात बोले. वडील आणि भाऊ मागावर राबले, अक्का मात्र शिकली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली. जुन्या काळी सोलापुरातून मुंबईला बोलायचं म्हणजे आधी अक्काच्या कानातून जावं लागे. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यात एक्स्चेंज शिल्लक होतं. फोन ती उभी राहूनच घ्यायची. इंग्रजी तेवढ्यापुरतं, पण अगदी इस्त्री केलेलं. येस सर, गो अहेड सर, प्लीज रिपीट. ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडे कुणी मोठी अधिकारी बसली आहे. प्रत्यक्षात पलीकडे अक्का लसूण सोलत उभी असायची.

लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं. "लाइन एंगेज होती," म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

मोबाइल तिच्याकडे होता, पण तो कपाटात साडीच्या घडीत झोपलेला असे. खरा फोन म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावरचा जुना, जाड रिसीव्हरचा. नंबर दिसायची सोय त्यात नाही आणि पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येणार. त्या फोनवर आलेला कुठलाही माणूस तिला परका नव्हता. सांगोल्याकडचा एक शेतकरी एका उन्हाळ्यात तिला सारखा फोन करी. टँकरवाल्याचा आणि तिचा नंबर जवळजवळ सारखा. "आवं, टँकर कवा सोडताय? मेंढरं माना टाकाय लागलीत," असं तो कळवळून बोलायचा. दुसऱ्या कुणी राँग नंबर म्हणून ठेवून दिला असता. अक्कानं गावाचं नाव विचारून घेतलं, खरा टँकरवाला शोधून काढला आणि गाडी निघेपर्यंत दिवसभर त्याच्या मागे हात धुऊन लागली. पुढे तो शेतकरी डाळिंबांची पेटी घेऊन पत्ता विचारत विचारत आमच्या जिन्यात आला. "टँकरच्या मॅडम हितंच ऱ्हातात का?" अक्का म्हणाली, "मी टँकरची कोण न्हाय. मी राँग नंबर हाय." तो बिचारा जरा गोंधळला आणि म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या की पेटी राँग नंबरलाच." निम्मी डाळिंबं आमच्या घरी आली.

पण तिचं खरं वेड होतं ते त्या एका शब्दाचं. एकटा, एकटी, एकटं, यातलं काही तिला खपत नसे. हॉटेलात पोऱ्यानं "एकच चहा का?" म्हटलं की ती ठसक्यात "दोन" म्हणायची. एक स्वतः प्यायची आणि दुसऱ्यासाठी शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी हाताला धरून बोलावायची. मी कितीदा पाहिलंय, अनोळखी बाप्या निमूटपणे येऊन अक्कासमोर बशीत चहा ओतून पितोय आणि घरची सगळी हकिगत सांगतोय. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा आजी सारखं म्हणत होत्या, मी एकटी पडले. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. अक्का त्यांना खेटून बसली आणि जरा दरडावूनच म्हणाली, "पडलीस कुटं? बसलीयस की माझ्याशेजारी." त्या रडता रडता हसल्या. मला त्या वेळी अक्काचा थोडा रागच आला होता.

या शब्दाची तिला भीती वाटते, हे मला उशिरा कळलं. तो उच्चारला की तो खरा होतो, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि अशा बाईच्या नशिबी सिनू आला. श्रीनिवास, तिच्या भावाचा मुलगा. आई लहानपणीच गेली, बाप भिवंडीला यंत्रमागावर गेला आणि पोरगा आत्याकडे वाढला. तो तिला तेलुगूत अत्ता म्हणे, ती त्याला बिड्डा, म्हणजे लेकरू. सोलापूरच्या पोरानं फार तर उजनीचं पाणी पाहावं. हा पोरगा उजनीच्या काठावर कुणा मासेमाराच्या होडीत बसला आणि बिघडला. शिकायला म्हणून किनाऱ्यावरच्या कॉलेजात गेला, मग गोव्यात होड्या बांधण्याच्या कारखान्यात लागला. आणि एका दिवाळीत घरी येऊन, अनारसा तोंडात असताना, त्यानं जाहीर केलं की शिडाच्या होडीतून आपण समुद्र ओलांडणार. मॉरिशसला थांबायचं, मग खाली दक्षिणेच्या समुद्रात उतरून आफ्रिकेचं टोक गाठायचं.

"संगं कोण कोण हाय?" अक्कानं विचारलं.

सिनू माझ्याकडे बघायला लागला. तो कसला शब्द वापरणार आणि त्याचं पुढे काय होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "मीच आहे," तो म्हणाला.

अक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी कडक भाकऱ्या करायला घेतल्या, तेव्हा आम्ही समजलो की परवानगी मिळाली.

त्याला निरोप द्यायला ती गोव्याला गेली. समुद्र तिनं पहिल्यांदाच पाहिला, पण परत आल्यावर समुद्राबद्दल चकार शब्द नाही. सगळी तक्रार होडीबद्दल. "एवढीशी ती होडी, मास्तरीण. दाराला आतनं कडीसुद्धा न्हाय." मग जरा वेळानं आवाज उतरवून म्हणाली, "म्या सोबत दिलीय त्याला." आपल्याकडे पूजेला बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. तिघांनी शुभकामाला निघू नये म्हणून चौथी सुपारी बरोबर घेतात. अक्कानं तेच केलं होतं. हळदीकुंकू लावलेली एक सुपारी फडक्यात बांधून तिनं सिनूच्या होडीत ठेवली आणि बजावलं, "ह्यो तुझा जोडीदार. आता तुमी दोघं चाललाय. कुणी विचारलं तर दोघं म्हणायचं." सिनूनं मान डोलावली. आत्याशी वाद घालण्यापेक्षा समुद्र बरा, असं त्याला वाटलं असणार.

दर गुरुवारी तो उपग्रहाच्या फोनवरून बोलायचा. मॉरिशस झालं, तो पुढे निघाला, खालच्या समुद्रात शिरला. बोलणं मिनिटभराचं. त्यातही अक्का आधी विचारायची, "दोघं बरे हायसा?" आणि पलीकडून हजारो मैलांवरून, वाऱ्याच्या घोंघाटात, तो पोरगा ओरडून सांगायचा, "दोघंही बरे!"

मग तो दिवस आला. शनिवारची अर्धी शाळा करून मी दुपारी अक्काकडे ताक प्यायला टेकले होते. फोन वाजला. अक्का उठली, पदर सारखा केला आणि रिसीव्हर उचलला. समुद्रातल्या बचावकार्याच्या केंद्रातून कुणी अधिकारी बोलत होता. इंग्रजीत, शांतपणे. सिनूच्या होडीवर संकटाची खूण पाठवणारं एक यंत्र होतं. होडी उलटली की ते आपोआप आकाशातल्या उपग्रहाला हाक मारतं. ते यंत्र घेताना घरचा नंबर द्यावा लागतो, सिनूनं अक्काचा दिला होता. यंत्र सकाळपासून हाक मारत होतं. अधिकारी विचारत होता, शेवटचं बोलणं कधी झालं?

"थर्सडे, सर," अक्का म्हणाली. आवाज जराही हलला नाही. हात मात्र स्टुलाच्या कडेवर घट्ट होता.

"आमच्या नोंदीत एकच माणूस आहे, मॅडम. पण मॉरिशसला कुणी बरोबर चढलं असेल तर आम्हाला कळायला हवं. तो एकटा आहे का?"

 अक्का ताठ झाली.

"नो सर. नॉट अलोन."

मी तिच्यासमोर जाऊन एक बोट वर केलं. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली.

"किती माणसं?"

"टू, सर."

"दुसऱ्याचं नाव?"

"फॅमिली, सर. अवर ओन फॅमिली." त्या इस्त्रीच्या आवाजावर कुणाचाही विश्वास बसला असता. त्याचाही बसला. जवळपासच्या जहाजांना कळवलं आहे, काही कळलं की फोन करतो, असं सांगून त्यानं ठेवला.

मी ओरडलेच. "अक्का, अगं काय सांगितलंस हे! ते दोघांना शोधत बसतील!"

"शोधू दे की," ती म्हणाली. "दोघं म्हटलं तर शोधतील तरी. एवढ्या मोठ्या दर्यात एका पोरासाठी कोण जहाज फिरवतंय, सांग मला." मग खाली बसली आणि पुटपुटली, "आन् तो शब्द आज न्हाय. आज तर मुळीच न्हाय." परत फोन करून सांगावं तर नंबर कुठे होता? त्या फोनवर तो दिसायचीच सोय नव्हती. आम्ही वाट बघत बसलो.

ती वाट बघणं मी विसरणार नाही. बातमी जिन्यातून खाली गेली, गल्लीत पसरली आणि फोन खणखणायला लागला. राँग नंबरवाल्याशी तासभर बोलणारी अक्का त्या दिवशी सगळ्यांना दोन शब्दांत तोडत होती. "लाइन मोकळी ठेवा." भिवंडीहून भाऊ रडत होता, त्यालाही तेच. "रडायचं असंल तर तिकडं रड, लाइन मोकळी ठेव." जेवली नाही, आडवी झाली नाही. भिंतीला टेकून त्या फोनकडे बघत राहिली. मी जबरदस्तीनं चार घास भरवले ते तिनं गिळले, पण काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच आवाज आला. तिकडून माल घेऊन निघालेलं एक जहाज वाट सोडून तिथे पोचलं होतं. होडी उलटी तरंगत होती, तिला बांधलेला रबरी तराफा दिसला, तराफ्यात एक तरुण सापडला. जिवंत आहे.

"ब्रीदिंग, सर?" अक्कानं विचारलं.

"येस मॅडम. पण बेशुद्ध आहे, अंग बर्फासारखं झालंय. लवकर दवाखान्यात न्यायला हवं." अक्काच्या तोंडून सुस्कारा निघाला. पण तो पुढे बोलत होता. "जहाज अजून निघालेलं नाही. दुसरा माणूस सापडेपर्यंत कॅप्टन तिथंच घिरट्या घालतोय. लाटा फार आहेत, तरी त्यांची माणसं छोटी होडी पाण्यात सोडायची तयारी करताहेत. मॅडम, दुसऱ्यानं कपडे कुठल्या रंगाचे घातले होते?"

अक्का माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यात तिनं माझ्याकडे कधी मदत मागितली नव्हती, त्या वेळी मागत होती. पण तिच्याऐवजी हे मी बोलून चालणार नव्हतं. सिनू गारठलेला जहाजात पडला होता, आणि कुणाची तरी दुसरी पोरं एका सुपारीसाठी लाटांत उतरत होती. सगळं तिच्या एका शब्दावर अडलं होतं.

"स्टॉप सर्च, सर," ती म्हणाली.

"पार्डन?"

"दुसरं कुणी न्हाय." इंग्रजी संपलं होतं. "खोटं बोलले मी. सोबतीला सुपारी दिलती त्याच्या. माणूस न्हाय."

 मग तो अधिकारी चक्क मराठीत बोलायला लागला, कोकणातल्या हेलात. "मावशी, नीट ऐका हां. मी जहाजाला निघा म्हणून सांगेन आणि तिथे एक माणूस पाण्यात राहिला असेल, तर तो मेला. मला स्पष्ट सांगा. होडीवर किती जण होते?"

"एक."

"तुमचा मुलगा एकटा होता?"

अक्कानं डोळे मिटले. "व्हय."

"तुमच्या तोंडून सांगा, मावशी. मला कॅप्टनला खात्री द्यायचीय."

"एकटा," अक्का म्हणाली. मग मोठ्यानं, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "एकटाच हाय माझा पोरगा! एकटा गेलाय, एकटा हाय! आणा त्याला, सर, आता तरी आणा!"

"आणतो," तो म्हणाला. आणि ठेवायच्या आधी, जरा घुटमळून म्हणाला, "आणि मावशी, एकासाठीही आम्ही एवढंच शोधतो."

रिसीव्हर तिच्या हातातून काढून घेऊन मीच जागेवर ठेवला. अक्का खाली बसली आणि भडभडून रडली. मी तिला जवळ घेतलं. ती हाडकुळी बाई माझ्या कुशीत इतकी लहान झाली होती की मलाही रडू आवरेना. मध्येच ती म्हणायची, "सोडली आसंल का गं त्यांनी ती छोटी होडी?" सिनूइतकीच काळजी तिला आता त्या न पाहिलेल्या खलाशांची लागली होती. संध्याकाळी अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला. होडी पाण्यात उतरायच्या आधीच निरोप पोचला होता आणि जहाज वाटेला लागलं होतं. तेव्हा कुठे तिला भूक लागली आणि तिनं आमच्या घरची सगळी आमटी संपवली.

सिनू शुद्धीवर आला तो जहाजावरच. त्याची हकिगत त्यानं नंतर आम्हाला हसत हसत सांगितली, पण तेव्हा तो हसला नसणार. डोळे उघडले तर भोवती अनोळखी खलाशी, आणि सुपारीचा निरोप न कळलेल्या एकानं विचारलं, तुझ्या मित्राचं काय झालं? सिनू घाबरला. आपल्या डोक्याला मार लागून आपण एक आख्खा मित्र विसरलो, असंच त्याला वाटलं. त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत तो बराच वेळ रडत होता. शेवटी कॅप्टननं येऊन खुलासा केला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हा सगळा अत्ताचा कारभार. अक्कानं सिनूला सांगून त्या कॅप्टनला मुद्दाम फोन लावायला लावला. उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सॉरी सर. व्हेरी सॉरी." कॅप्टन काय म्हणाला ते तिला कळलं नाही, पण तो हसत होता एवढं कळलं. मग मला म्हणाली, "आख्ख्या नोकरीत खोटी जोडणी दिली न्हवती, मास्तरीण. दिली ती पोराच्या जिवावर बेतणारी." ते मात्र तिला कायमचं लागून राहिलं.

पोरगा दोन्ही पायांवर उभा राहून घरी आला, थोडा लंगडत. गारठ्यानं पायाची बोटं बधिर झाली होती. समुद्र सोडणार का, हे त्याला कुणी विचारलं नाही. तो कारखान्यात परत जाणार होता, आणि या खेपेला अक्काला घेऊन. ती लगेच तयार झाली याचं मला नवल वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. "ह्येला नजरेखाली ठेवायला पायजे," एवढंच ती म्हणाली.

मी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. गोव्याची गाडी गच्च भरलेली. अक्का खिडकीशी बसून मला सूचना देत होती, कुठल्या कुंडीला किती पाणी घालायचं वगैरे. माझं निम्मं लक्ष नव्हतं. सिनू पाण्याची बाटली आणायला उतरलेला. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली.

अक्का ताडकन उठली. "थांबवा! ओ, गाडी थांबवा! माणूस खाली राहिलंय!"

"किती जण हायेत?" कंडक्टर वैतागून ओरडला.

"एक!"

"एकासाठी आख्खी गाडी थांबवू व्हय, आजी?"

"व्हय!" अक्का म्हणाली. "एकासाठीच थांबवायची!"

गाडी थांबली. सिनू लंगडत लंगडत, बाटली हलवत आला. त्याला काही घाई नव्हती. दारातून आत शिरल्याबरोबर अक्कानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि गाडीभर हसू पसरलं. मी खिडकीखाली उभी राहून हात हलवत होते. पण अक्का माझ्याकडे बघत नव्हती. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत मला दिसत होती ती तिची पाठ, आणि ऐकू येत होतं तिचं तेलुगूतलं रागावणं.